गुच्छवाली

ओंडक्याचा तुकडा टेबलावर ठेवला गेला तेव्हाच किडेबाईंनी तो आपल्याकडे फिरवून घेतला, कारण कापलेल्या तोंडावर निळ्या खडूनं मारलेली खूण त्यांच्या ओळखीची होती. ती त्यांच्या धाकट्या दिराच्या वखारीची खूण होती.

किडेबाई हे नाव कचेरीनं ठेवलेलं. बंदरावर उतरणाऱ्या लाकडात, फळात, धान्यात जे काही वळवळताना सापडे, ते आधी त्यांच्या टेबलावर येई. ते कोण, कुठलं, हे बाई सांगत. मग मोठे साहेब ठरवत, माल सोडायचा, भट्टीत तापवायचा की जाळून टाकायचा. या टोपणनावाचा बाईंना कधी राग आला नाही. देवानं एवढे जीव घडवले, कुणीतरी त्यांची नावं लक्षात ठेवायला नकोत का, असं त्या म्हणत. मायक्रोस्कोपला डोळा लावला की त्या गुणगुणायला लागत. आईच्या मांडीवर बसून ऐकलेल्या भजनांच्या चाली, शब्द अर्धेमुर्धे विसरलेले. दारावरचा शिपाई म्हणायचा, बाईंचं गुणगुणणं थांबलं की ओळखावं, काहीतरी वंगाळ निघालंय.

त्या दिवशी ते सुरूच झालं नाही.

लाकडाला टाचणीनं टोचावीत तशी भोकं होती आणि भोकांतून भुशाच्या बारीक कांड्या बाहेर आल्या होत्या, उदबत्तीची राख न पडता उभी राहावी तशा. हा भुंगेरा लाकूड खात नाही. तो लाकडात बोगदा करतो, भुसा बाहेर ढकलतो आणि आत आपल्याबरोबर आणलेल्या बुरशीची शेती करतो. स्वतः तीच खातो, पोरांना तीच भरवतो. तिळाएवढा जीव, पण संसार पुरा.

बाई उठल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, हा माल माझ्या दिराचा आहे. मी तपासणं बरं नव्हे."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आडनाव वाचलंय मी. पण दुसरं कोण बघणार? मी? मला झुरळ आणि भुंगा यातला फरक बायकोनं सांगावा लागतो." मग ते खुर्चीतून उठले. "तुम्हीच बघा. मी बाजूला उभा राहतो. उगाच गैरसमज नको."

गैरसमज नको म्हणताना तो त्यांना झालेलाच होता, हे बाईंना त्यांच्या चालण्यावरून कळलं. एरवी पाय ओढत चालणारा माणूस, आज मागे मागे पाळतीवर असल्यासारखा येत होता.

साहेबांना किड्याचं पूर्ण नाव नको होतं. फक्त आडनाव हवं होतं. शास्त्रात त्याला प्रजाती म्हणतात. बाई आडनाव म्हणत. या लाकडातून यायची शक्यता दोनच घराण्यांची होती. एक झायलेबोरस. साधं घराणं, तोडलेल्या किंवा मरायला टेकलेल्या झाडात बिऱ्हाड करणारं, या भागात कधीपासून नांदणारं. ते निघालं तर ओंडके भट्टीत तापवायचे आणि सोडून द्यायचे. दुसरं झायलोसँड्रस. ते जिवंत झाडाच्या हिरव्या फांदीत शिरतं, आणि या भागात त्याची आजवर नोंद नव्हती. ते निघालं तर सगळे ओंडके जाळायचे आणि वखारीला सील. बाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं गुच्छवाली. कारण मादीच्या मानेची ढाल जिथं पंखांना टेकते तिथं केसांचा एक छोटा गुच्छ असतो आणि त्याच्याखाली एक पिशवी. नव्या घरी जाताना ती त्या पिशवीत बुरशीचं बी घेऊन जाते, सासरी निघालेल्या लेकीनं ओटीत बांधून न्यावं तसं.

पण केसांचा भरवसा नाही. बोगद्यात घासून ते झडतात, ओले झाले की चिकटून बसतात. म्हणून किडा उलटा करून पुढच्या पायांचे खुबे बघायचे. साध्या घराण्यात दोन्ही खुबे एकमेकांना चिकटलेले. गुच्छवालीचे वेगळे, मध्ये स्पष्ट फट.

बाईंनी भोकातून एक मादी सुईनं अलगद बाहेर काढली. बाकीच्या काही आधीच स्पिरिटच्या कुपीत होत्या. त्रिकोणी कागदाच्या टोकाला डिंक लावून त्यांनी मादीची उजवी कूस त्यावर टेकवली. साहेबांचं पोट त्यांच्या कोपराला लागत होतं.

"जरा सरकता का?"

"दिसत नाही मला."

"तुम्हाला तसंही दिसणार नाही, साहेब. डोळा इथं लावावा लागतो."

पाठ घासून गुळगुळीत झालेली, केसांचा मागमूस नाही. डिंक वाळल्यावर बाईंनी कागद फिरवला, पोटाकडून पाहिलं. पुन्हा पाहिलं. दोन खुब्यांच्या मध्ये तपकिरी, चकचकीत फट होती.

"काय?" साहेब म्हणाले.

"फट दिसतेय. गुच्छवाली वाटतेय."

"वाटतेय?"

"एकीवरून मी सांगणार नाही. कुपीतल्या उद्या बघते."

"वाटतेय हा शब्द," साहेब दारातून म्हणाले, "मागच्या वर्षी त्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या वेळी तुम्ही वापरला नव्हता."

घरी दोन्ही भाऊ एकाच छपराखाली राहत. खाली बाई आणि त्यांचे यजमान, वर दीर आणि जाऊ, अंगण दोघांचं. अंगणात सासऱ्यांनी लावलेला आंबा. बाई फाटकातून आत आल्या तेव्हा जाऊ झाडाखाली हातात वाळकी डहाळी घेऊन उभी होती, एखाद्या खुनाचा पुरावा धरावा तशी.

"बघा ताई, आणखी एक. गेल्या आठवड्यात हिरवीगार होती. मी सांगते, ती मुळाशी सोड्याचं पाणी ओतते." ती म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. "आपली पानं तिच्या ओट्यावर पडतात ना!"

"तू पाहिलंस ओतताना?"

"पाहायला कशाला हवं? परवा माझ्याकडे बघून हसली. ती बाई कधी हसते का?"

बाईंच्या डोक्यात ओंडके होते. त्यांनी डहाळीकडे धड पाहिलंही नाही.

रविवारखेरीज जेवणं वेगळी व्हायची, पण त्या संध्याकाळी दीर मुद्दाम खाली येऊन बसला. हसतमुख, गोल चेहऱ्याचा माणूस. दुःखाची बातमीसुद्धा त्याच्या तोंडून थोडी खुशीची वाटायची.

"वहिनी, आमचे पाहुणे काय म्हणतात?"

"कोण पाहुणे?"

"ते हो, लाकडात बसून आलेले. विनातिकीट."

यजमान हसले. बाई हसल्या नाहीत. "भावोजी, मला काही विचारू नका."

"बरं, नाही विचारत. फक्त एवढंच सांगतो, ते ओंडके गेले तर वखारीची पाटी उतरवायची. आमच्या म्हाताऱ्या करवतकऱ्याला मी शब्द दिलाय, तू इथूनच रिटायर होशील. तो रोज विचारतो, मालक, लाकूड कधी सुटणार?" तो पाण्याचा पेला हातात फिरवत राहिला. "बाकी काही नाही."

जाऊ जिन्यात उभी होती. "विचारू नका म्हणजे कळलंच की. वरची खोली आम्ही घेतली तेव्हापासून ताईंच्या मनात आहेच."

"अगं, खोलीचा आणि किड्याचा काय संबंध?" यजमान म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं, दादा. बायकांचं असतं ते."

खोली गेल्याचं बाईंना खरंच वाईट वाटलं होतं. आणि ते जाऊला कळलं होतं, याचं आत्ता जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाई डबा घरीच विसरल्या. दीर तो घेऊन कचेरीत आला. बाई कुपी समोर ठेवून बसल्या होत्या. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. "भावोजी, जरा बसा, आलेच," म्हणून त्या गेल्या. साहेबांना एका केळ्याच्या खोक्यातला कोळी दाखवायचा होता आणि त्याला घाबरल्याचं दाखवायचं नव्हतं, त्यामुळे वेळ गेला. परत आल्या तर खुर्ची रिकामी, डबा टेबलावर.

जेवण करून त्या कुपीकडे वळल्या आणि त्यांचा हात थांबला. कापसाचा बोळा त्या नेहमी अर्धा बाहेर ठेवत, चिमटीत धरता यावा म्हणून. आता तो पार गळ्याखाली दाबलेला होता. दुसऱ्या कुणी, घाईघाईनं, अंगठ्यानं दाबावा तसा.

त्यांनी तो सुईनं ओढून काढला. एक मादी वाळवली, उताणी केली. खुबे चिकटलेले. दुसरी घेतली. चिकटलेले. तिसरी. फट कुठंच नव्हती.

काल गुच्छवाली, आज साधी. मध्ये एक माणूस येऊन गेला.

बाई फाटकापाशी गेल्या. "माझे दीर आले होते, कधी गेले?"

"लगेच गेले की." शिपाई म्हणाला. "घामाघूम. पाणी देतो म्हटलं तर नको म्हणाले. काडेपेटी होती हातात, ती खिशात घातली."

"ते विडी-सिगरेट ओढत नाहीत."

"मग नसतील ओढत," शिपाई म्हणाला. पण बाईंकडे असं बघितलं की आता त्यालाही शंका आली.

संध्याकाळी निघताना साहेबांनी विचारलं, "झालं बघून?"

"नाही झालं," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत या टेबलावरून त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या आणि त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं, किती सहज जमलं ते.

"झालं नाही, की सांगायचं नाही?" साहेब म्हणाले.

घरी येताना त्यांचं सगळं चित्त एकाच खुंट्याभोवती फिरत होतं. माझा दीर. ज्याचं लग्न मी लावलं, ज्याच्या तापात मी उशाशी बसले, तो माझ्याच टेबलावर बसून माझ्याच डोळ्यांत धूळ फेकतो. त्याला वाटलं असेल, वहिनीला कुठं कळणार! की असं वाटलं असेल, कळलं तरी वहिनी गप्प बसेल? दुसरं जास्त लागलं. फाटक उघडलं तर दीर आंब्याखाली उभा होता. त्यांना बघून तो दचकला आणि हातातलं काहीतरी खिशात गेलं. त्यातून काड्या नाही, काहीतरी हलकं, कोरडं खुळखुळलं.

"काडेपेटी?" बाई म्हणाल्या.

"हो, म्हणजे, दिवे गेले तर असावी जवळ."

दिवे गेलेले नव्हते. स्वयंपाकघरातला उजेड थेट त्याच्या चेहऱ्यावर पडला होता आणि त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"तुमचा भाऊ कसा आहे हो?" त्यांनी आत येऊन यजमानांना विचारलं.

"माझ्यासारखाच. जरा जाड."

"खोटं बोलेल का तो?"

यजमानांनी पेपर खाली घेतला. "लहानपणी आमच्या आईनं लाडू मोजून ठेवले की हा एकेक लाडू थोडा थोडा कुरतडायचा. आकडा तोच, लाडू बारीक. पण विचारलं की लगेच कबूल करायचा." मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून, "का गं?"

"काही नाही."

सकाळी देवापुढे दिवा लावून त्या बसल्या. बोलायचं होतं ते सरळ होतं: मला खरं ते दाखव. पण मनात निकाल आधीच लिहून झाला होता आणि देवाला त्यांनी फक्त सहीसाठी बोलावलं होतं. हे त्यांना बसल्याजागी कळलं, तशा त्या न बोलताच उठल्या. हात मात्र जोडलेले राहिले, थेट फाटकापर्यंत.

कचेरीत अजून कुणी आलं नव्हतं. बाईंनी ठरवलं होतं: साहेबांना सांगायचं, नमुना बदललाय. पण नुसतं तोंडानं सांगून चालणार नाही. पहिल्या दिवशीची चिकटवलेली मादी आणि कालची, दोघींचे फोटो शेजारी शेजारी लावायचे. फट असलेली, फट नसलेली. मग कुणाला काही बोलायला जागाच नको.

त्यांनी पहिली मादी भिंगाखाली ठेवली, पोट वर करून. फोटोसाठी दिवा जोराचा लावावा लागतो. लावला. फट लख्ख उजळली, तपकिरी, चकचकीत, आणि त्या फटीत एक गोल ठिपका दिसला. काठ काळा, मधोमध उजेड.

बाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. त्यांनी सुईनं कागद किंचित हलवला. ठिपक्यातला उजेडही हलला.

तो बुडबुडा होता. हवेचा बुडबुडा.

किड्याच्या अंगात बुडबुडा नसतो. डिंकात असतो.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. नव्यानं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्याच दिवशी सांगत: डिंक कुशीला, सुईच्या टोकाएवढा, पोटाकडे ओघळला तर खुबे बुडतील आणि वाळल्यावर तो किड्याच्याच रंगाचा दिसेल. त्यांचे गुरुजी तर त्यासाठी बोटावर पट्टी मारत. आणि त्यांच्याच हातून, साहेबांचं पोट कोपराला लागलं म्हणून, एक थेंब जास्त गेला होता. कालच्या माद्या कुणीही बदललेल्या नव्हत्या. पहिलीच खोटी होती. नव्हे, ती बिचारी खरीच होती, तिच्यावरचा डिंक खोटा होता.

वाटीभर कोमट पाणी, दोन मिनिटांचं काम. कुणी आलेलं नव्हतं. मादी धुवावी, नव्यानं नीट चिकटवावी, निकाल लिहावा, साधी. कुणाला काही कळलं नसतं. बाईंनी वाटीत पाणी ओतलंसुद्धा.

मग त्यांनी वाटीवर झाकण ठेवलं. एकटीनं धुतली तर जन्मभर लोक म्हणतील, वहिनीनं दिराला सोडवलं. आणि साहेबांच्या चष्म्यावरची ती नजर कधी खाली येणार नाही. त्यांनी दिराला फोन लावला. "भावोजी, आत्ता कचेरीत या."

"काय झालं?"

"या तर खरं."

साहेब आणि दीर टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. दिराचा हात पँटच्या खिशावर होता. बाईंनी पहिली मादी दोघांना भिंगातून दाखवली, फट दाखवली, बुडबुडा दाखवला.

"बुडबुडा कसला?" साहेब म्हणाले.

"डिंकाचा. माझ्या हातून जास्त लागला."

"तुमच्या हातून?" साहेबांच्या आवाजात अविश्वास होता, पण आता तो वेगळ्या जातीचा होता. "तुमच्या हातून डिंक जास्त लागतो?"

"लागला. आता बघत राहा. हात लावणार नाही मी."

कागदाचं टोक कोमट पाण्यात बुडालं. आधी काहीच झालं नाही. दिराच्या श्वासाचा आवाज येत होता. मग मादीच्या पोटाखालून एक धुरकट रेघ निघाली, पाण्यात विरली, आणि ती मादी कागदापासून सुटून हलकेच बाजूला झाली. बाईंनी कुंचल्यानं तिला उचललं, उताणी केली, भिंग साहेबांच्या दिशेला वळवलं.

साहेबांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. नंतर दुसरा डोळा लावला.

"चिकटलेत," ते म्हणाले.

"चिकटलेत. कुपीतल्या सगळ्यांचेही. साधं घराणं. भट्टीत तापवा आणि सोडा."

"डिंकाचं लेखी द्यावं लागेल. तुमच्या नावानं."

"देते."

साहेब जरा घुटमळले. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि सवय नव्हती. "परवा मी," ते म्हणाले, "जरा लांब उभा राहायला हवं होतं." आणि पाय ओढत आपल्या खोलीकडे गेले.

दीर खुर्चीत बसला, बसला म्हणजे कोसळलाच. डोळे पुसायला रुमाल शोधू लागला. बाईंनी दार लोटलं.

"भावोजी, बोळा कुणी काढला होता?"

रुमाल थांबला. दिरानं खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. "मी."

"आणि यात?"

"किडे आहेत. साधे. मी बदलणार होतो, वहिनी." त्यानं विचारल्याबरोबर सांगून टाकलं, लाडवांसारखं. "कुपी उघडली. काडेपेटीही उघडली. पण तुम्ही 'जरा बसा, आलेच' म्हणून गेला होतात. दार उघडं टाकून, सगळं समोर ठेवून. दुसऱ्या कुणाला बसवलं असतं का तुम्ही असं एकट्याला? माझा हातच वळेना. बोळा कोंबला आणि पळालो."

याच भरवशानं बाईंनी त्याला बसवलं होतं, आणि नंतर एक दिवस एक रात्र त्याच माणसाला मनातल्या मनात चोर ठरवून झालं होतं.

"मी तुम्हाला गुन्हेगार ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "साहेबांना सांगायलाच आज लवकर आले होते."

"अर्धा होतोच की." तो ओल्या डोळ्यांनी हसला. "आता फेकू का हे?"

फेकू म्हटल्यावर बाईंचा हात आपोआप काडेपेटीवर गेला. न बघता किडा फेकणं त्यांच्यानं झालं नसतं. त्यांनी पेटी भिंगाखाली ओतली. कोरडे, काळे, ठेंगणे जीव. पाठ घासलेली नाही. मानेची ढाल जिथं पंखांना टेकते तिथं केसांचा एक नेटका गुच्छ. त्यांनी एक उताणी केली. इथं डिंकाचा थेंबही नव्हता. दोन खुबे वेगळे, मध्ये फट.

"भावोजी," त्या हळूच म्हणाल्या, "हे कुठून आणलेत?"

"आपल्या आंब्यातून. त्या वाळक्या डहाळ्या आहेत ना, त्यात आहेत. काल संध्याकाळी परत टाकायलाच तिथं उभा होतो. म्हटलं, घरचेच किडे, इथलेच असणार, गरीब असणार." तो थबकला. "का?"

"ही गुच्छवाली आहे."

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्हणजे मी बदलले असते तर..."

"तर तुम्ही आपल्या हातानं आपली वखार जाळली असती."

"देवा!" दीर म्हणाला आणि तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की साहेब पुन्हा दारात आले. बाईंनी त्यांना खरं ते सांगितलं: गुच्छवाली या भागात आलेली आहे आणि ती त्यांच्याच अंगणातल्या आंब्यात आहे. ते जीव काडेपेटीत कशासाठी भरले होते, हे साहेबांनी विचारलं नाही, आणि बाईंनी ते देवघरातल्या साहेबांवर सोपवलं.

"तुमच्याच अंगणात?" साहेबांची भुवई वर गेलीच.

घरी जाऊ भिंतीपाशी उभी होती, पलीकडे कान लावून. दिरानं आधी लाकूड सुटल्याचं सांगितलं. ती मटकन ओट्यावर बसली, रडली, मग बाईंचे हात धरले आणि सोडेचना. खोलीचा विषय कुणी काढला नाही. मग बाईंनी वाळकी डहाळी उभी चिरून तिला दाखवली. आत काळपट भुयार, भिंतीला पांढरी बुरशी, आणि मधोमध आई, भोवती तांदळाच्या कणीसारखी पिल्लं.

"म्हणजे सोड्याचं पाणी नाही?" जाऊच्या आवाजात थोडी निराशा होती.

"नाही. वाळलेल्या सगळ्या फांद्या कापून जाळायच्या आहेत. शेजारच्या झाडातही बघावं लागेल. जा, विचार तिला."

"मी?"

"तूच."

जाऊ भिंतीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. "अहो," ती पलीकडे म्हणाली, "तुमच्या आंब्याच्या फांद्या वाळतायत का हो?"

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. "आता वळलं का तोंड? काय ओतता मुळाशी ते तरी सांगा! त्या दिवशी चोरून बघत होते, तुम्ही ओतताना सापडाल म्हणून, तर तुम्हीच माझ्याकडे बघितलंत. हसावं लागलं मला!"

जाऊनं मागे वळून बाईंकडे पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

थोड्या वेळानं मधलं फाटक उघडलं, ते इतकं गंजलं होतं की दोन्ही बाजूंनी ढकलावं लागलं. शेजारीण कोयता घेऊन आली. फांदीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं जाऊनं, आणि दोघी एकमेकींकडे न बघता ती ताठ धरून उभ्या राहिल्या. दीर करवत घेऊन शिडीवर चढला.

बाई खाली बसून एकेक डहाळी चिरत होत्या, भिंगातून बघत होत्या आणि कापडावर बाजूला ठेवत होत्या. यजमान खिडकीत आले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग आत वळून म्हणाले, "अरे वा, गुणगुणतेय."